निषेधासह

मुळात चूक बँकेची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण भाऊसाहेबांच्या देखत कोणी ही हकिकत सांगायला लागलं की ते पहिल्याच वाक्याला अडवतात आणि म्हणतात, "आधी चूक कोणाची ते सांगा, मग पुढे जा." तर चूक बँकेची. अगदी सोळा आणे बँकेची. याबद्दल कोणाचंही दुमत नाही. दुमत आहे ते पुढे जाण्याबद्दल. भाऊसाहेब पुढे गेलेच नाहीत, तिथेच पाय रोवून उभे राहिले, आणि एवढ्या एका कारणाने त्या घरात जे व्हायचं ते झालं.

भाऊसाहेब पाणीखात्यातल्या तक्रार विभागाचे हेडक्लार्क. नळाला पाणी येत नाही, पाणी येतं पण वेळी-अवेळी येतं, पाणी नसताना मीटर मात्र फिरतो, असल्या तक्रारी घेऊन माणसं तावातावाने त्यांच्या टेबलाशी येतात आणि थंड होऊन परत जातात. त्या टेबलाच्या उजव्या खणात एक शिक्का असतो. पाणीखात्याची जुनी रीत अशी, की बिल चुकीचं आहे असं वाटलं तर भांडत बसायचं नाही. आधी पूर्ण पैसे भरायचे आणि पावतीवर 'निषेधासह' असा जांभळा शिक्का मारून घ्यायचा. पैसे खात्याला मिळतात, निषेध गिऱ्हाइकाला मिळतो, आणि दोघंही समाधानाने घरी जातात. या शिक्क्यामुळे कोणाला एक पैसा परत मिळाल्याचं भाऊसाहेबांच्या उभ्या नोकरीत ऐकिवात नाही. पण शिक्का उमटताना माणसाचा चेहरा कसा उजळतो ते त्यांनी रोज पाहिलं होतं, आणि निषेधावर त्यांची श्रद्धा बसली होती.

क्रेडिट कार्ड त्यांनी स्वतःहून घेतलं नव्हतं. बँकेत पासबुक भरायला गेले असताना एका हसऱ्या मुलीने त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि कार्ड "आयुष्यभर मोफत" आहे असं सांगितलं. जावयालाही लोक पाणी विचारत नाहीत अशा काळात बँक पाणी देते म्हटल्यावर माणूस विरघळतोच. कार्ड आलं, कपाटात पडून राहिलं, आणि एक दिवस जुना फ्रिज घरघर करून कायमचा गप्प झाला. नवा फ्रिज कार्डावर आला. महिन्याने बिल आलं. त्यात वर फ्रिज होता, आणि खाली एक ओळ होती: कार्ड सुरक्षा कवच. रक्कम फार नाही, सिनेमाच्या एका तिकिटाएवढी.

"हे कवच कोणी मागितलं होतं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"कोणी नाही," वहिनी म्हणाल्या. सगळी इमारत त्यांना वहिनीच म्हणते, म्हणून आपणही म्हणू. "भरून टाका आणि पुढच्या वेळी काढायला सांगा."

"प्रश्न पैशाचा नाही. तत्त्वाचा आहे."

आता, प्रश्न पैशाचा नाही असं एखादा माणूस ठासून म्हणायला लागला, की घरातल्यांनी दागदागिने जरा नीट ठेवावेत. हा माझा अनुभव आहे. ज्याला खरंच पैशाचा प्रश्न असतो तो घासाघीस करतो आणि मोकळा होतो. तत्त्ववाल्याला मोकळं होताच येत नाही.

भाऊसाहेबांनी तक्रार लिहिली. मुद्दे पाडून, समास सोडून, सुंदर अक्षरात. उत्तर आलं: "आपली तक्रार नोंदवून घेण्यात आली असून योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे." भाऊसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे वाक्य त्यांचं होतं. वर्षानुवर्षं तेच हे वाक्य लोकांना पाठवत आले होते, आणि त्याचा अर्थ त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाला माहीत असणार? त्याचा अर्थ असा, की कोणीही काहीही करत नाहीये. दुसऱ्याच्या तोंडी हे वाक्य किती निर्लज्ज वाटतं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यावर त्यांनी पुन्हा सकाळपासून तेच वाक्य लिहायला घेतलं, ती गोष्ट वेगळी.

मग फोन. एक दाबा, दोन दाबा, मुख्य यादीकडे परत जाण्यासाठी नऊ दाबा. भाऊसाहेबांनी सगळं दाबलं. मध्ये बासरी वाजायची आणि एक बाई दर थोड्या वेळाने सांगायची की तुमचा फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. शेवटी जो मुलगा आला त्याने भाऊसाहेबांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, "मी आपली निराशा समजू शकतो" असं म्हणाला आणि फोन कापला. लगेच यंत्राने विचारलं, आजच्या सेवेला एक ते पाच यांपैकी किती गुण द्याल? भाऊसाहेबांनी शून्य दाबलं. यंत्र म्हणालं, हा पर्याय अवैध आहे. त्यावर भाऊसाहेब यंत्राला जे बोलले ते वहिनींनी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि खिडकी लावून घेतली.

वरच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहतात. जिन्यात गाठून सल्ला देणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा पूर्णवेळ उद्योग. ते म्हणाले, "भाऊसाहेब, कवचाचं सोडा, फ्रिजचाही पैसा देऊ नका. एक पैसा दिलात की तुम्ही सगळं बिल कबूल केलंत. अडवून धरा. नाक दाबलं की तोंड उघडतं."

भाऊसाहेबांना हे पटलं. वास्तविक पोस्टमास्तरांनी जन्मात कधी कार्ड वापरलं नव्हतं. पण सल्ला देणाऱ्याला माहिती असावी लागते असा नियम कुठे आहे?

नाक दाबलं गेलं. तोंड मात्र भलत्याच बाजूने उघडलं. पुढच्या बिलात कवचावर व्याज आलं, फ्रिजवर व्याज आलं. वेळेवर भरलं नाही म्हणून दंड आला, दंडावर कर आला, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात कर, दंड आणि व्याज यांच्या बेरजेवर पुन्हा नवं व्याज. बिल उघडलं की फ्रिज तळाशी कुठेतरी सापडायचा. दर महिन्याला भाऊसाहेब ते बिल मोठ्याने वाचायचे, लाल व्हायचे आणि आणखी एक तक्रार लिहायचे. वहिनी ऐकून घ्यायच्या. त्या काही बोलत नसत याचा अर्थ भाऊसाहेबांनी त्या आपल्या बाजूच्या आहेत असा घेतला होता.

वहिनी कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात कामाला. लग्नानंतर हिशेब लिहायला म्हणून लागल्या आणि बघता बघता काचा बसवायला शिकल्या. काच घासायचं मशीन, त्यावर पाण्याची बारीक धार, फ्रेमच्या आकाराबरहुकूम काच फिरवत नेणारे त्यांचे दोन्ही हात. किंचित जास्त घासली की काच फ्रेममध्ये खुळखुळते, कमी घासली की बसवताना टवका उडतो. वहिनींच्या हातून टवका उडालेला कोणाला आठवत नाही. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे चष्मेवालेच म्हणतात, हल्ली फक्त गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे. ते एक दिवस वहिनींना म्हणाले, "बाई, मुलगी तिकडे बोलावतेय. मी आता आवरतो. दुकान तुम्ही घ्या."

दुकान, मशीन, आतला माल, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, सगळं मिळून त्यांनी रक्कम सांगितली. रास्त होती. पण मुलीच्या गावी घर घ्यायचं असल्यामुळे त्यांना ती एकरकमी हवी होती. दुसरंही एक गिऱ्हाईक दारात उभं होतं, मोबाइलची कव्हरं विकणारा, रोख घेऊन. "त्याला मी या महिनाअखेरपर्यंत थोपवतो," चष्मेवाले म्हणाले. "तेवढ्यात कर्जाचं बघा."

त्या संध्याकाळी वहिनी घरी आल्या त्या चप्पल न काढताच खुर्चीवर बसल्या. त्यांनी सगळं सांगितलं. नोकरीतली माणसं कर्जाला सहकर्जदार म्हणून लागतात, म्हणजे भाऊसाहेबांची सही लागणार, आणि त्यांच्या नावावर कसली थकबाकी नको, हेही त्या विचारून आल्या होत्या. मग उठून त्यांनी कपाटातून स्वतःच्या पगारातून साठवलेले पैसे काढले आणि भाऊसाहेबांच्या समोर ठेवले.

"हे काय?"

"कार्डाचे. व्याजासकट सगळे आहेत. उद्या भरून या."

"अगं, ऐन लढाईत मागे फिरायचं? आता ते टेकीला आलेत."

"चूक त्यांची आहे," वहिनी म्हणाल्या. "मी कधी नाही म्हटलं? पण एवढी वर्षं मी दुसऱ्याच्या दुकानात उभी आहे. मला ते दुकान हवंय. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही, हे मागते."

भाऊसाहेब माणूस वाईट नाहीत. ते विरघळले. "भरतो," ते म्हणाले. आणि स्वतःच्या मानासाठी म्हणून त्यांनी जोडलं, "पण निषेधासह."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसच्या खणातून शिक्का काढला, शाईच्या डबीसकट रुमालात गुंडाळला आणि खिशात घातला. आयुष्यात सरकारी टाचणी घरी न नेलेला माणूस तो. पण युद्धात सगळं क्षम्य असतं.

बँकेत रांगेत उभं राहून त्यांनी भरणा स्लिप भरली आणि खिडकीशी पोचल्यावर शांतपणे तिन्ही प्रतींवर शिक्का मारला. खिडकीमागच्या मुलीने स्लिप उजेडात धरून पाहिली.

"हे काय आहे?"

"निषेध."

"त्याला आमच्याकडे रकाना नाही, काका."

"म्हणून तर मी घेऊन आलोय."

मॅनेजर आले. ते फार सभ्य होते, आणि सभ्य माणसाशी भांडताना भाऊसाहेबांचा राग दुप्पट होतो. मॅनेजर म्हणाले, "साहेब, शिक्का असलेली स्लिप सिस्टिम घेत नाही. दुसरी स्लिप भरा, पैसे भरा, आणि निषेध घरी जाऊन निवांत करा."

भाऊसाहेबांनी दुसरी स्लिप घेतली. भरली. आणि तिच्यावरही शिक्का मारला. तिसरी घेतली, तिच्यावरही. मागची रांग आधी कुजबुजली, मग हसली, मग ओरडायला लागली, कारण जेवणाची वेळ होत आली होती. चौथ्या स्लिपला मॅनेजरांनी हात आडवा घातला आणि शिक्का त्यांच्या पांढऱ्या बाहीवर उमटला. मग सुरक्षारक्षक आला. बँकेत पैसे घेऊन आलेला आणि ते न भरताच सुरक्षारक्षकाच्या सोबतीने बाहेर पडलेला माणूस त्या शाखेने तेव्हा पहिल्यांदाच पाहिला असेल. साधारण लोकांना उलट कारणासाठी बाहेर काढतात.

"भरले?" वहिनींनी दारातच विचारलं.

"भरले असते," भाऊसाहेब म्हणाले, "पण त्यांची निषेध घ्यायची तयारी नव्हती."

वहिनी आत गेल्या आणि भांडी घासायला लागल्या. त्या दिवशी भांडी फार स्वच्छ निघाली.

दरम्यान बँकेने प्रकरण वसुलीवाल्यांकडे दिलं होतं. पहिला फोन एका गोड आवाजाच्या मुलीचा. "सर, कसे आहात?" भाऊसाहेबांनी आपण कसे आहोत ते कवचापासून सुरुवात करून सविस्तर सांगितलं, आणि मुलीनेच फोन ठेवला. दुसरा फोन खर्जातल्या एका माणसाचा. त्याने कसे आहात वगैरे काही विचारलं नाही. "फ्रिजमधलं थंडगार पाणी पिताना लाज कशी वाटत नाही?" असं थेट विचारलं. भाऊसाहेबांनी त्यालाही झोडपलं. मग त्या लोकांनी दुसरा मार्ग धरला. ते भाऊसाहेबांना सोडून बाकी सगळ्यांना फोन करू लागले.

मेहुण्याला फोन गेला. त्याने वहिनींना केला. "ताई, भाऊजी अडचणीत आहेत का गं? सांगायचं तरी. मी काय परका आहे?" पोस्टमास्तरांना गेला. ते जिन्यात गाठून म्हणाले, "मी त्यांना ठणकावून सांगितलं, माणूस सज्जन आहे. पैशाचं म्हणाल तर मला कल्पना नाही." ज्यांनी अडवून धरायला सांगितलं तेच हे गृहस्थ, बरं का. इमारतीचे सेक्रेटरी संध्याकाळी घरी येऊन हळू आवाजात म्हणाले, देखभालीचे पैसे या महिन्यात नाही जमले तरी चालतील. वाण्याने सामान देताना नेहमीपेक्षा दोनदा हिशेब केला आणि भाऊसाहेबांनी नोट पुढे केल्यावर चकित झाल्यासारखं दाखवलं.

कोणी चोर म्हटलं असतं तर भाऊसाहेबांना चाललं असतं. चोराशी भांडता येतं. पण लोक त्यांना गरीब समजायला लागले होते. गरिबाचा कोणी अपमान करत नाही, त्याची कीव करतात, आणि कीव आली की माणसाला तोंडच उघडता येत नाही. भाऊसाहेब दर भेटणाऱ्याला थांबवून "माझ्याकडे पैसे आहेत" असं सांगू लागले. हे वाक्य ज्याच्याकडे पैसे असतात तो कधी बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे कीव आणखी वाढली.

शेवटी एक वसुलीवाला थेट ऑफिसात आला. साहेबांच्या, कारकुनांच्या, सगळ्यांच्या समोर अब्रू काढायची, असा त्याचा बेत असावा. पण तो नेमका पाणीखात्यात आला, तेही सोमवारी सकाळी. शिपायाने त्याला तोंड उघडू दिलं नाही, तक्रारीच्या रांगेत बसवलं. रांग हळूहळू सरकली. पुढचे लोक आपापल्या नळांची गाऱ्हाणी गात होते. ती ऐकता ऐकता वसुलीवाल्याचाही राग बदलत गेला, आणि त्याचा नंबर लागला तेव्हा तो टेबलावर हात आपटून म्हणाला, "आमच्या गल्लीत पाणी किती दिवस नाहीये माहीत आहे का तुम्हाला?"

"अर्ज भरा," भाऊसाहेब म्हणाले.

त्याने निमूटपणे अर्ज भरला. भाऊसाहेबांनी त्याला बसवून नीट शब्द सांगितले, खालच्या बाजूला सही कुठे करायची ते दाखवलं. सही करता करता माणसाला आपण कोण आहोत ते आठवलं. पण आता शिव्या द्यायचं तोंड राहिलं नव्हतं. तो खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाला, "साहेब, खरं सांगू? एवढं कशाला ताणताय? अर्धे भरा. वरून मंजुरी मी आणतो. खातं बंद, विषय संपला. तडजोड."

भाऊसाहेबांच्या कानात नगारे वाजले. बँक झुकली होती. महिनोन्महिने जो लढा दिला, मॅनेजरची बाही जांभळी केली, लोकांची कीव सोसली, ते सगळं वाया गेलं नव्हतं. कवच तर गेलंच, वर निम्मं बिलही गेलं.

तडजोडीचा कागद आला तो भाऊसाहेबांनी डोळ्यांत तेल घालून वाचला. आपण कागद न वाचता सही करणाऱ्यांतले नाही, असं ते नेहमी सांगतात आणि ते खरं आहे. त्यांनी प्रत्येक ओळ वाचली. शेवटची ओळ होती: "सदर तडजोडीची नोंद सर्व संबंधित संस्थांना कळवण्यात येईल." ही ओळ वाचून त्यांना विशेष आनंद झाला. कळू दे की सगळ्यांना, बँकेला कोणी वाकवलं ते. त्यांनी झोकात सही केली.

वहिनींचे निम्मे पैसे गेले, निम्मे परत आले. परत आलेले पैसे त्यांनी घरी जाऊन वहिनींच्या हातात असे ठेवले, की जणू काही एखादं राज्य जिंकून आणलंय.

"म्हणजे मिटलं ना सगळं?" वहिनींनी विचारलं.

"मिटलं? अगं, लोळवलं."

"मला लोळवलेलं नको. थकबाकी राहिली नाही ना?"

"एक पैसा नाही. लेखी आहे."

त्या दिवशी वहिनी खूप दिवसांनी हसल्या. भाऊसाहेबांनी इमारतीतल्या सगळ्यांना चहाला बोलावलं. पोस्टमास्तर म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?" मेहुणा फोनवर म्हणाला, "भाऊजी, मानलं." वहिनी कपबशा भरता भरता दुकानाच्या पाटीवर काय लिहावं ते शेजारणीला विचारत होत्या. अक्षरं मोठी हवीत, त्या म्हणाल्या, ज्याला दिसत नाही त्यालाच तर वाचायची असतात.

महिना संपत आला असताना दोघं कर्जाच्या कचेरीत गेले. ही दुसरी बँक, मुद्दाम निवडलेली. वहिनींनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि कागद क्रमाने लावून आणले होते. कर्ज विभागातल्या बाई तरुण होत्या, कामाला चोख वाटत होत्या. त्यांनी दुकानाचे कागद पाहिले, मान हलवली. वहिनींच्या कामाबद्दल विचारलं, आवडल्यासारखं दिसलं. मग भाऊसाहेबांचा पॅन नंबर संगणकात घातला आणि थांबल्या.

"तुमचं एका कार्डाचं खातं 'सेटल्ड' दिसतंय."

"दिसणारच," भाऊसाहेब छाती काढून म्हणाले. "मीच केलं."

"म्हणजे तुम्ही पूर्ण पैसे भरले नाहीत."

"पूर्ण भरायचे नव्हतेच. बँकेने सूट दिली. चूक त्यांची होती."

"सूट दिली, बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "आणि या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत, असं सगळ्या बँकांना कळवलं. त्यापेक्षा तुम्ही उशिरा का होईना, सगळे भरून टाकले असते तर बरं झालं असतं. उशिरा भरणाऱ्याला एखादी बँक उभं करते. तडजोडवाल्याला सहसा नाही. आमच्याकडे तर नियमच आहे."

भाऊसाहेबांनी मग त्या बाईंना कवचाची गोष्ट सांगायला घेतली. पहिल्या बिलापासून. बाईंनी ऐकलं, कारण त्या खरंच चांगल्या होत्या. भाऊसाहेबांचा आवाज चढत गेला, शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. ते म्हणाले, ही लूट आहे. आधी लुटायचं, मग सूट द्यायची, आणि सूट घेतली म्हणून बदनाम करायचं. यातला एक शब्दही खोटा नव्हता. बाई म्हणाल्या, "तुमचं म्हणणं पटतंय. उरलेले आता भरलेत तर शेराही बदलता येतो. पण त्याला काही महिने जातात."

"आम्हाला काही महिने नाहीत," वहिनी म्हणाल्या. कचेरीत शिरल्यापासून त्या स्वतःहून बोलल्या ते एवढंच.

घरी परतताना भाऊसाहेब रस्ताभर बोलत होते. बँकेबद्दल, वसुलीवाल्याबद्दल, पोस्टमास्तरांबद्दल, एकूण व्यवस्थेबद्दल. आपण वरपर्यंत जाऊ, लोकायुक्तांपर्यंत जाऊ, असं काहीबाही. चष्म्याच्या दुकानापाशी आल्यावर वहिनी थांबल्या. आत दिवा होता. चष्मेवाले काउंटरवर हात टेकून वाट बघत उभे होते.

"तुमच्या रागाला पैसे पडत नव्हते असं वाटत होतं तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "पडत होते. ते माझ्या वाट्याचे होते. दर महिन्याला तुम्ही ते बिल मोठ्याने वाचायचात ना, तेव्हा मी मनात म्हणायचे, हा माणूस माझं काहीतरी खर्च करतोय. काय ते मला कळत नव्हतं. आज कळलं." आणि त्या एकट्याच आत गेल्या.

दुकान कव्हरवाल्याने घेतलं. अक्षरांचा तक्ता उतरवून तिथे रंगीबेरंगी कव्हरं टांगली गेली. काच घासायचं मशीन त्याला नको होतं, अडगळच. परत आलेल्या निम्म्या पैशांत वहिनींनी ते चष्मेवाल्यांकडून घेतलं आणि घरातल्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी बसवलं. त्यासाठी भाऊसाहेबांचं लिहायचं टेबल आतल्या पॅसेजमध्ये गेलं. कोणी त्यांना विचारलं नाही. गावातल्या दोन-तीन दुकानांच्या काचा वहिनी घरी आणून घासून द्यायला लागल्या. काम मिळत होतं, पण ते पुन्हा दुसऱ्यांच्याच दुकानांचं. भाऊसाहेबांनी पगारावर उचल घेतली आणि कार्डाची उरलेली अर्धी रक्कम त्याच शाखेत जाऊन भरली. शिक्का नेला नाही. मॅनेजरांनी उठून नमस्कार केला, आणि भाऊसाहेबांनी तोही घेतला.

आणि मग एका दुपारी फोन वाजला. गोड आवाज. "सर, आपल्या तक्रारीची चौकशी पूर्ण झाली आहे. कार्ड सुरक्षा कवच आपल्या संमतीशिवाय लावलं गेलं, असं आढळलं. ती रक्कम आपल्याला परत करण्यात आली आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल बँक दिलगीर आहे." भाऊसाहेबांनी तिला ते वाक्य पुन्हा बोलायला लावलं. मग तिसऱ्यांदा. फोन ठेवला तेव्हा त्यांचे कान तापले होते आणि त्यांना खुर्चीत बसवेना. ते पुढच्या खोलीत गेले.

वहिनी मशीनशी बसल्या होत्या. काच बोटांत धरलेली, पाण्याची धार चालू.

"बँकेचा फोन होता," भाऊसाहेब म्हणाले. "चूक कबूल केली त्यांनी. माफी मागितली. पैसे परत दिले. ऐकलंस का? मी बरोबर होतो."

वहिनींनी मशीन बंद केलं. काच पुसली, उजेडात धरून कड पाहिली.

"हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही बरोबरच होता. पहिल्या दिवसापासून बरोबर होता, शेवटपर्यंत बरोबर राहिलात. म्हणून तर दुकान गेलं. जरा चुकला असतात तर आज मी तिकडे असते."

भाऊसाहेबांनी तोंड उघडलं. पण वहिनींनी मशीन सुरू केलं होतं, आणि ते चालू असताना त्या खोलीत कोणाचंच काही ऐकू येत नाही.